दुष्काळानंतरची मजुरी

धाडसारख्या वऱ्हाडी गावांचे सुखदुःख कापूस व ज्वारी या दोन पिकांवर तोललेले असे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवीमुळे कापसाला सोन्याचे मोल आले. पण त्याबरोबरच कुणब्याची चूल बाजारभावाच्या अधिक अधीन झाली. १८९९ साली पावसाने दगा दिला, तेव्हा या पराधीनतेची किंमत कळून आली. निंदणी-वेचणी थांबली, काम मागणारे हात वाढले व मजुरी उतरली. त्याच वेळी ज्वारी मात्र महागली. पुढल्या वर्षी पाऊस आला, म्हणून सुबत्ताही परतली असे मानावे काय? १८९१ साली सुमारे एकोणतीस लाख असलेली वऱ्हाडची लोकसंख्या १९०१ च्या शिरगणतीत साडेसत्तावीस लाखांवर आली. बैल गमावलेल्या कुणब्याला शेत हिरवे दिसले, तरी घरात भाकरी येईलच, अशी खात्री नव्हती.