हवामान परिषदांनी काय साधले?

हवामानबदलावरील पहिली जागतिक परिषद १९९५ मध्ये बर्लिन येथे भरली. तेव्हापासून २०२५ मधील ब्राझीलच्या बेलेम परिषदेपर्यंत, करोना साथीचे २०२० हे एक वर्ष वगळता, दरवर्षी अशी परिषद होत आली. तीस परिषदा झाल्या. हजारो प्रतिनिधींनी विमानप्रवास केले, ठरावातील एकेका क्रियापदासाठी रात्री जागवल्या गेल्या. आणि याच काळात हवेतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दर दहा लाख भागांत सुमारे ३६० वरून ४२४ च्या वर गेले. २०२४ हे वर्ष तर औद्योगिकपूर्व काळापेक्षा सुमारे दीड अंशाने अधिक उष्ण ठरले. मग या परिषदांतून निघाले काय, हा प्रश्न पुण्यात थोड्या तिरकस स्वरात विचारला गेला तर नवल नाही.

हा प्रश्न एखाद्या ठिकाणी पाय रोवून तपासलेला बरा. कसबा पेठ ही पुण्याची सर्वांत जुनी वस्ती. उत्तरेला मुठा, पूर्वेच्या अंगाला नागझरीचा ओढा, मध्ये ग्रामदैवत कसबा गणपती आणि भोवती कुंभारवाडा, तांबट आळी अशी कारागिरांची नावे सांगणाऱ्या गल्ल्या. नदी वाढली म्हणजे काय होते, हे या भागाला शिकवावे लागत नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांतील वाडे कोसळले. अर्थात ती धरणफुटीची आपत्ती होती. तिचा हवामानबदलाशी संबंध जोडणे चुकीचे ठरेल. २५ जुलै २०२४ ची गोष्ट निराळी. त्या दिवशी शिवाजीनगर वेधशाळेत चोवीस तासांत ११४ मिलिमीटर, तर घाटमाथ्यावर ताम्हिणीत ५५६ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. खडकवासल्यातून पाणी सोडावे लागले, भिडे पूल बुडाला आणि सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत लोकांना घरांतून बाहेर काढावे लागले.

एका दिवसाच्या पावसाचे खापर हवामानबदलावर फोडता येत नाही. कल मात्र दिसतो. पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या पुढाकाराने झालेला एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात, ज्यात महाराष्ट्रही येतो, मोठ्या क्षेत्रावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचे त्यात दाखवले गेले. परिषदांचे मूल्यमापन करताना हा पाऊस डोळ्यांपुढे हवा.

परिषदांचा पाया १९९२ च्या रिओ येथील वसुंधरा परिषदेत घातला गेला. तेथील करारानुसार जबाबदारी सर्वांची, पण सारखी नव्हे. हे तत्त्व भारताने सातत्याने लावून धरले, आणि योग्यच केले. आजही भारतीयाच्या वाट्याला वर्षाकाठी सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड येतो, अमेरिकन माणसाच्या वाट्याला चौदा टनांच्या आसपास. तांबट आळीतील भट्टीचा आणि टेक्सासमधील दोन गाड्यांच्या घराचा हिशेब एकाच ओळीत मांडता येत नाही. मात्र या व्यवस्थेत निर्णय सर्वसहमतीने होतात आणि शब्द न पाळणाऱ्याला शिक्षा करणारी सत्ता वर कोणतीही नाही. परिषदांचे बहुतेक दोष या दोन गोष्टींतून आले आहेत.

१९९७ चा क्योटो करार याचे उत्तम उदाहरण. विकसित देशांनी २००८ ते २०१२ या काळात उत्सर्जन १९९० च्या तुलनेत सरासरी पाच टक्क्यांनी घटवावे, असे ठरले. अमेरिकेने २००१ मध्येच अंग काढून घेतले, तर कॅनडा २०११ मध्ये बाहेर पडला. आपल्याकडे या करारातून आली ती कार्बन पतगुणांची बाजारपेठ. राज्यातील अनेक पवनचक्की प्रकल्पांनी नोंदणी करून पतगुण विकायला काढले. साताऱ्याच्या पठारावरील पवनचक्क्या मुळात करसवलतींमुळे उभ्या राहू लागल्या होत्या. त्यामुळे अशा प्रकल्पांनी पतगुणांविना न घडलेली किती बचत साधली, ही शंका त्या वेळीही घेतली जात होती. २०१२ मध्ये पतगुणांचे भाव एका युरोच्याही खाली कोसळले आणि हा अध्याय जवळपास संपला.

२००९ ची कोपनहेगन परिषद फसली. २०१५ मध्ये पॅरिसला निराळा मार्ग निवडला गेला: लक्ष्य प्रत्येक देशाने स्वतः ठरवायचे, जाहीर करायचे आणि दर पाच वर्षांनी वाढवायचे. पुण्याचेच प्रकाश जावडेकर त्या वेळी केंद्रीय पर्यावरणमंत्री होते आणि २२ एप्रिल २०१६ रोजी न्यूयॉर्कमध्ये भारताच्या वतीने करारावर त्यांनीच स्वाक्षरी केली. स्वेच्छेच्या या करारावर तेव्हा पुष्कळ टीका झाली. आज दहा वर्षांनंतर ती टीका अर्धीच खरी ठरल्याचे दिसते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजानुसार, पॅरिसच्या वेळी या शतकअखेरीस तीन ते साडेतीन अंशांची वाढ अपेक्षित होती. २०२५ च्या अहवालात सध्याच्या धोरणांनुसार ती २.८ अंश, आणि सर्व वचने पाळली गेली तर २.३ ते २.५ अंश येते. करारातील दीड अंशांच्या उद्दिष्टापासून आपण दूर आहोत हे खरे, पण टळलेला अर्धा अंशही क्षुल्लक नव्हे.

याचे सारे श्रेय परिषदांना देता येत नाही. सौरपट्ट्या स्वस्त झाल्या त्या जर्मनीच्या अनुदानांमुळे आणि चीनच्या कारखान्यांमुळे. तथापि वाटाघाटींच्या दबावाने देशांतर्गत धोरणाला मुदत आणि आकडा मिळतो. २००८ चा राष्ट्रीय कृती आराखडा आणि २०१० चे राष्ट्रीय सौर अभियान ही त्याच काळातील अपत्ये. वीजनिर्मितीच्या स्थापित क्षमतेपैकी निम्मी जीवाश्मेतर स्रोतांतून २०३० पर्यंत उभारण्याचे वचन भारताने दिले होते. तो टप्पा २०२५ मध्येच गाठला गेला. (क्षमता म्हणजे प्रत्यक्ष वीज नव्हे, निम्म्याहून कितीतरी अधिक वीज अजूनही कोळशावर तयार होते. ग्लासगोत २०२१ मध्ये कोळसा 'संपवणे' ऐवजी 'कमी करणे' हा शब्द घालण्यात भारताचाच पुढाकार होता.)

खरी उणीव आहे ती बदलत्या हवामानाशी जुळवून घेण्याच्या कामात. विकसित देशांनी २०२० पर्यंत दरवर्षी शंभर अब्ज डॉलर उभे करण्याचे वचन कोपनहेगनमध्ये दिले. ते पूर्ण झाले २०२२ मध्ये. त्यातीलही मोठा भाग कर्जाच्या स्वरूपात आणि उत्सर्जनकपातीच्या प्रकल्पांसाठी. २०२४ मध्ये बाकू येथे २०३५ पर्यंत वार्षिक तीनशे अब्जांचा आकडा ठरला, तेव्हा तो तुटपुंजा असल्याचा आक्षेप भारताच्या प्रतिनिधींनी भर सभेत नोंदवला. आपल्या राज्यात काहीच आले नाही असे मात्र नाही. २०१० च्या कानकुन परिषदेत स्थापन झालेल्या हरित हवामान निधीने २०१८ मध्ये महाराष्ट्र, आंध्र आणि ओडिशाच्या किनाऱ्यांसाठी ४ कोटी ३४ लाख डॉलरचे अनुदान मंजूर केले. कांदळवने राखणे आणि किनाऱ्यावरील लोकांच्या उपजीविकेला आधार देणे हा त्याचा उद्देश. परिषदेतील ठरावापासून कोकणच्या खाडीपर्यंतचा हा प्रवास आठ वर्षांत झाला.

जुन्या शहरांच्या दाट पेठांपर्यंत मात्र असा ओघ क्वचितच पोहोचतो. महाराष्ट्रात नदीकाठी दोन पूररेषा आखल्या जातात: पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. दोन्हींचा हिशेब पाऊस आणि प्रवाहाच्या मागील नोंदींवर उभा असतो. पावसाचा स्वभावच बदलत असेल, तर शंभर वर्षांचा पूर शंभर वर्षांनीच येईल, हे गृहीतक टिकत नाही. गंमत अशी की, हा बदल मोजण्याची साधने पुण्यातच आहेत. पाषाणच्या संस्थेने विकसित केलेल्या हवामान प्रारूपाचे निष्कर्ष आंतरशासकीय मंडळाच्या २०२१ च्या अहवालासाठी वापरल्या गेलेल्या जागतिक प्रारूपसंचात समाविष्ट होते. याच अहवालांच्या आधारे परिषदांत वाटाघाटी होतात. पाषाण ते कसबा पेठ हे अंतर दहा किलोमीटरही नाही.

पूररेषा आखताना गेल्या शतकाचा पाऊस धरायचा की पुढच्या दशकांचा, हा विषय कोणत्याही जागतिक परिषदेच्या कार्यक्रमपत्रिकेवर येणार नाही. त्याचा निर्णय मंगळवार पेठेतील सिंचन भवनात आणि नव्या पुलापलीकडच्या महापालिकेत व्हायचा आहे.