कोयनेची भेग: १९६७ चा भूकंप आणि धरणबांधणीचे शास्त्र

दख्खनचे पठार बेसाल्टच्या, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या, जाड थरांचे असल्यामुळे ते अचल आहे, ही समजूत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इतकी रूढ होती की १९६२ च्या भारतीय भूकंप-क्षेत्र नकाशात द्वीपकल्पाचा मोठा भाग 'शून्य क्षेत्रा'त, म्हणजे धोका नगण्य मानलेल्या वर्गात, दाखवला गेला. तरीही महाराष्ट्रातील कोयना धरणाच्या अभियंत्यांनी सावधगिरी म्हणून धरणाच्या वजनाच्या पाच टक्के इतके आडवे बल हिशेबात धरले होते. धरणाच्या शिवसागर जलाशयात १९६२ पासून पाणी साठू लागले, परिसरात लहान धक्के जाणवू लागले आणि त्यांची नोंद घेण्यासाठी भूकंपमापक यंत्रे बसवण्यात आली. पुढच्या साऱ्या अभ्यासाचा पाया या निर्णयाने घातला, आणि त्याचे श्रेय सहसा दिले जात नाही.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे सुमारे साडेसहा तीव्रतेचा भूकंप झाला. कोयनानगर परिसरात सुमारे १८० माणसे मृत्युमुखी पडली. १०३ मीटर उंचीचे धरण उभे राहिले, मात्र सांडव्याच्या दोन्ही बाजूंच्या उंच खंडांवर आडव्या भेगा पडल्या. धरणातील त्वरणमापकाने, म्हणजे हादऱ्याचा जोर क्षणोक्षणी नोंदवणाऱ्या यंत्राने, प्रवाहाच्या दिशेने गुरुत्वत्वरणाच्या जवळजवळ निम्मा धक्का टिपला. हिशेबातले पाच टक्के आणि हा आकडा यांची सरळ तुलना शास्त्रशुद्ध नसली, तरी अंदाज किती तोकडा होता हे त्यावरून कळते.

मात्र जोराच्या आकड्यापेक्षा भेगांची जागा अधिक बोलकी ठरली. जुन्या पद्धतीत भूकंपबलाचे प्रमाण पायापासून माथ्यापर्यंत एकसारखे धरले जाई आणि त्या गणिताप्रमाणे माथ्याजवळच्या भागाची चिंता नव्हती. प्रत्यक्षात धरण स्वतःच डोलते, वर जावे तसा झोका वाढतो आणि ताण वरच्या भागात साचतो. कोयनेत तो नेमका तिथे साचला, जिथे प्रवाहाच्या खालच्या बाजूचा उतार एकाएकी बदलतो. बांधकाम चालू असतानाच धरण पूर्ण उंचीला नेण्याचे ठरल्यामुळे त्याचा छेद, म्हणजे आडवा काप, नेहमीपेक्षा वेगळा आणि वरून जड झाला होता. धरणाच्या आंदोलनांचा हिशेब मांडणाऱ्या नंतरच्या अभ्यासांत ताण काँक्रीटच्या सहनशक्तीपलीकडे याच पट्ट्यात गेल्याचे दिसले आणि कोयनेची नोंद जगभरच्या धरण-अभियंत्यांसाठी आपापली गणिते ताडून पाहण्याची कसोटी झाली. धरणाच्या भेगा भरून उंच खंडांना मागून बट्रेस, म्हणजे काँक्रीटचे भक्कम टेकू, देण्यात आले.

१९७० च्या सुधारित भूकंप-मानकातून 'शून्य क्षेत्र' हा वर्गच काढून टाकला गेला. देशाचा कोणताही भाग पूर्ण निर्धोक नाही, ही त्यामागची कबुली होती.

परंतु हे शिकणे धरणापुरते जितके सखोल झाले, तितके घरांपुरते झाले नाही. कोयनानगरात पडलेल्या घरांत दगडमातीच्या भिंतींची घरे मोठ्या संख्येने होती. तशाच जाड भिंती आणि त्यांवर मातीची जड धाबी असलेली घरे मराठवाड्यात पुढेही बांधली जात राहिली, कारण ती स्वस्त होती, उन्हाळ्यात गार राहत आणि सरकारी मानकांचा गावच्या गवंड्याशी काही संबंध नव्हता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला झालेल्या भूकंपात अशाच घरांखाली हजारो माणसे गाडली गेली. किल्लारीचा परिसर त्या वेळी नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात होता.