काळं पाणी किती लांब?

आमच्या पळसदरीतली एक मुलगी लग्नानंतर अंदमानला निघाली. तिच्या आजीने मला विचारलं, "ते काळं पाणी ना रे? किती लांब आहे?"

मोबाईलवर बघून सांगितलं. मुंबईहून सरळ रेषेत साधारण २,३०० किलोमीटर. चेन्नईहून १,३७० किलोमीटर, विमानाने सव्वादोन तास. आजी म्हणाली, "मग आपल्याला लोकलने मुंबई गाठायला तेवढेच लागतात की!"

हिशोब बरोबर होता. पण तेव्हापासून एकच विचार डोक्यात आहे: लांब आणि जवळ हे ठरवतं कोण?

जरा सालं बघा. १८५६ मध्ये मुंबईची रेल्वे खोपोलीपर्यंत आली. १८५८ मध्ये पलीकडे खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली. मधला घाट मात्र पालखी, तट्टू नाहीतर बैलगाडीने चढायचा. इंग्रजांना दख्खनचा कापूस बंदरावर आणायचा होता, फौज वर न्यायची होती. म्हणून पळसदरीहून घाट फोडला. २५ बोगदे खणले. १८६१ च्या सुमारास ४० हजारांवर मजूर कामावर होते. हजारो कॉलऱ्याने, तापाने आणि अपघातांत गेले. १४ मे १८६३ ला घाट खुला झाला आणि पुणे जवळ आलं.

हे काम चालू असतानाच, १० मार्च १८५८ ला, १८५७ च्या उठावानंतरचे पहिले २०० कैदी अंदमानात उतरवले गेले. सरकार तेच. जे हवं होतं ते जवळ आणलं, जे नको होतं ते समुद्रापार टाकलं.

१९११ मध्ये सावरकरांना ठाण्याच्या तुरुंगातून रेल्वेने मद्रासला नेलं. ठाण्याहून मद्रासकडे जाणारा लोहमार्ग याच घाटातला. पुढे 'महाराजा' बोटीने अंदमान. पत्नी यमुनाबाईंना तिथे त्यांची भेट मिळाली १९१९ मध्ये. म्हणजे आठ वर्षांनी. बोटीचा प्रवास काही दिवसांचाच होता. बाकीचं सगळं अंतर परवानगीचं.

आज त्याच बेटावर सावरकरांच्या नावाचा विमानतळ आहे आणि आमच्या गावची पोर तिथे फिरायला जाते. छान वाटतं.

पण आता आपल्या खालापूर तालुक्यात या. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. मुंबई-पुणे रस्त्यावरचं चौक गाव पायथ्याशी, पण वाडीला गाडीरस्ताच नव्हता. बचाव पथकं भर पावसात, चिखलात डोंगर चढून गेली. जेसीबी वर नेता आला नाही, माती हातांनी उपसावी लागली. हेलिकॉप्टर तयार होती, पण हवामानामुळे उडू शकली नाहीत. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसं बेपत्ताच राहिली.

दीडशे वर्षांपूर्वी, हातात छिन्नी आणि सुरुंग एवढंच असताना, बोरघाट फोडता आला. कारण कुणाला तरी तो फोडायचा होता. मग वाडीची वाट अवघड होती म्हणून राहिली, की ती कुणाला नकोच होती म्हणून?

आजीला मी अंदमानचं अंतर दोन मिनिटांत सांगितलं. तुमच्या जवळच्या वाडीतून दवाखाना किती लांब आहे? किलोमीटर नको. पावसाळ्यात, रात्री, आजारी माणूस झोळीत घालून किती तास लागतात, ते लिहा.