अक्षरे कुणाची?

पेटंटचा इतिहास म्हटला की वाफेचे इंजिन आणि विजेचा दिवा आठवतो. सजीवांच्या पेशींतल्या अक्षरांवरून झालेला तंटा मात्र अलीकडचा, आणि आपल्या मुलामुलींच्या पुढल्या आयुष्याशी निगडित आहे.

या तंट्याची सुरुवात एका बंगाली शास्त्रज्ञापासून होते. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीत काम करणाऱ्या आनंद मोहन चक्रवर्ती यांनी कच्च्या तेलाचे विघटन करणारा जिवाणू तयार केला. सजीवाला पेटंट देता येत नाही, असे सांगून पेटंट कचेरीने नकार दिला. १९८० साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ठरवले की, हा जिवाणू माणसाने घडवलेला आहे, म्हणून पेटंटला पात्र आहे.

मग प्रश्न आला जनुकांचा. जनुक म्हणजे ए, टी, जी, सी या चार रासायनिक अक्षरांत लिहिलेला मजकूर. यंत्रे तो वाचू लागली, संगणक साठवू लागले. १९९१ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने क्रेग व्हेंटर यांनी वाचलेल्या शेकडो जनुक-तुकड्यांवर पेटंट मागितले. त्यांतल्या बहुतेकांचे शरीरातले काम ठाऊकही नव्हते! जीनोम प्रकल्पाचे प्रमुख जेम्स वॉटसन यांनी कडाडून विरोध केला. १९९४ साली संस्थेने अर्जांचा नाद सोडला.

१९९६ साली जीनोम शास्त्रज्ञ बर्म्युडा बेटावर जमले. हजार अक्षरांहून लांब मजकूर जुळला की शक्यतो २४ तासांत तो सर्वांना खुला करायचा, असे त्यांनी ठरवले. यात औदार्य होते, तशी कायद्याची जाणही होती. पेटंटला नावीन्य लागते. आधीच प्रसिद्ध झालेल्या गोष्टीवर नंतर हक्क सांगता येत नाही.

हेच तत्त्व हळदीच्या उपयोगी पडले. जखम भरण्यासाठी हळद वापरण्यावर १९९५ साली अमेरिकेत पेटंट दिले गेले. गोव्यातील माशेल गावी जन्मलेले डॉ. रघुनाथ माशेलकर ज्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते, तिने त्याला आव्हान दिले. आजीबाईचा बटवा सांगून भागणार नव्हते. जुने ग्रंथ आणि १९५३ सालचा एक छापील वैद्यकीय निबंध पुढे ठेवावा लागला. १९९७ साली पेटंट रद्द झाले.

जनुकांचा निकाल लागायला २०१३ साल उजाडले. स्तनाच्या व बीजांडकोशाच्या कर्करोगाशी संबंधित दोन जनुकांवर मिरिअड जेनेटिक्स या कंपनीची पेटंटे होती. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की, निसर्गातले जनुक नुसते वेगळे काढल्याने कुणाच्या मालकीचे होत नाही. प्रयोगशाळेत घडवलेली जनुकाची प्रत मात्र पेटंटला पात्र ठरू शकते.

भारतीय कायद्यातही निसर्गातल्या पदार्थाचा नुसता शोध किंवा संगणकाचा नुसता आज्ञाक्रम पेटंटला पात्र नाही. आज जीवशास्त्राचे विद्यार्थी संगणकावर प्रथिनांची रचना आखतात. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते : घडवलेल्या वस्तूवर हक्क हवा असेल तर आधी अर्ज, मग निबंध. ती सर्वांसाठी मोकळी ठेवायची असेल तर तारखेनिशी प्रसिद्ध करा. कपाटात पडून राहिलेल्या वहीने आपल्याला हक्क मिळत नाही, आणि दुसऱ्याचा खोटा हक्कही अडत नाही.