सुईण, दवाखाना आणि मधली वाट

खेड्यांतील बाळंतपणाचा इतिहास सांगावयाचा म्हणजे प्रथम सुईणीचें नांव घ्यावें लागतें. सरकारी दप्तरांत ती बहुधा आरोपी म्हणूनच आली आहे. विळ्यानें नाळ कापणारी, तीवर राख किंवा शेण लावणारी, आणि म्हणून आठवड्याभरांत बालकाला धनुर्वाताच्या स्वाधीन करणारी! आरोप सर्वस्वी खोटा नव्हता. परंतु १८४७ सालीं व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयांत सेमेलवाइस या वैद्यानें काय दाखवून दिलें, तेंही ध्यानांत ठेवावें. शवविच्छेदन करून तसेच बाळंतिणीकडे येणाऱ्या वैद्यांच्या व विद्यार्थ्यांच्या हातांनींच तेथें सूतिकाज्वर पसरत होता. शेजारच्या सुईणींच्या कक्षांत मृत्यु पुष्कळ कमी होते. अस्वच्छ हात विद्वानाचाही असूं शकतो.

आपल्याकडे १८८५ सालीं लेडी डफरिन यांच्या पुढाकारानें निधि उभारला गेला व स्त्रियांसाठीं रुग्णालयें निघालीं, पण तीं बहुतेक शहरांत. १९०३ सालीं लेडी कर्झन यांनीं व्हिक्टोरिया राणीच्या स्मारकनिधींतून देशी सुईणींना शिकविण्याचा उपक्रम आरंभिला. तोही खेड्यापर्यंत क्वचितच पोहोंचला. पुढें १९४६ सालीं भोर समितीचा अहवाल आला. दर हजार जिवंत जन्मांमागें सुमारें २० माता, म्हणजे देशांत वर्षाकाठीं सुमारें दोन लाख स्त्रिया, बाळंतपणापायीं मृत्यु पावत होत्या! समितीनें चाळीस हजार वस्तीस एक प्राथमिक आरोग्य केंद्र सुचविलें, आणि त्याच्या सेवकवर्गांत चार प्रसाविकांच्या बरोबरीनें चार शिकविलेल्या दायांनाही जागा दिली. आरोपीला प्रथमच कामाचें आसन मिळालें, असें मी म्हणेन.

१९५२ पासून हीं केंद्रें उघडूं लागलीं. १९७७ सालीं हजार वस्तीमागें एक दाई शिकविण्याची योजना निघाली. महिन्याभराचें शिक्षण, आणि सूत्र साधें: हात, जागा, पातें, दोरा व नाळ हीं पांच स्वच्छ असावींत. याच्या जोडीला गरोदरपणीं लस आली. नवजात बालकांच्या धनुर्वाताचें सार्वजनिक संकट म्हणून उच्चाटन झाल्याचें २०१५ सालीं जाहीर झालें. त्या श्रेयांत सुईणीचाही वांटा आहे.

पण स्वच्छ पात्यानें रक्तस्राव थांबत नाहीं. प्रसूतीनंतर गर्भाशय आकुंचन न पावलें, तर दोन तासांतही प्राण जाऊं शकतो. तेथें औषध हवें, रक्त हवें, प्रसंगीं शस्त्रक्रिया हवी. घर आणि दवाखाना यांमधील वाट हीच मग खरी मृत्यूची जागा ठरते. म्हणून २००५ सालीं जननी सुरक्षा योजना आली व बाळंतपण घरांतून दवाखान्यांत नेण्यावर भर दिला गेला. २००५-०६ च्या पाहणींत दवाखान्यांतील प्रसूति शेंकडा ३९ होत्या, त्या २०१९-२१ मध्यें शेंकडा ८९ झाल्या. लाख जिवंत जन्मांमागें मातांचे मृत्यु २००४-०६ सालीं २५४ होते, ते २०१८-२० मध्यें ९७ वर आले. हें वळण योग्यच होतें, याविषयीं मला शंका नाहीं.

शंका आहे ती सुईणीला ज्या रीतीनें निरोप दिला गेला त्याविषयीं. कळा देणाऱ्या बाईच्या कमरेवर रात्रभर हात ठेवून बसणें, पुढें कित्येक दिवस मायलेकरांना तेल-पाणी करणें, हेंही तिचें काम होतें. दवाखान्यांत खाट मिळते. एवढा वेळ असलेलें माणूस सहसा मिळत नाहीं. तिच्याऐवजीं केंद्राशीं जोडली गेली ती आशा कार्यकर्ती, आणि तिचें मुख्य काम गरोदर बाईला केंद्रापर्यंत पोहोंचविण्याचें. जामखेडला १९७० पासून रजनीकांत व मेबल आरोळे या दांपत्यानें निराळा मार्ग धरला होता. गांवच्याच, बहुधा निरक्षर, बायांना त्यांनीं धोक्याचीं लक्षणें ओळखावयास शिकविलें, आणि दवाखाना त्यांच्या पाठीशीं उभा केला.

महाराष्ट्राच्या आदिवासी भागांत, जेथें पावसाळ्यांत नदीनाल्यांनीं वाट तुटते, तेथील कांहीं आरोग्य केंद्रांच्या आवारांत आतां एक लहानसें घर असतें. दिवस भरत आले कीं गरोदर बाई कांहीं दिवस आधींच, घरचें माणूस सोबत घेऊन, तेथें येऊन राहते. पहिलटकरणीनें बाळंतपणाला आईकडे जावें ही आपली जुनी रीत. या घराला नांवही तिच्यावरूनच पडलें आहे: माहेरघर.