कृष्णविवराला टिचकी

दर उन्हाळ्यात माठ घ्यायची वेळ आली की माझी अब्रू जाते. मी माठाचा रंग बघतो, घाट बघतो, आत डोकावतो. आत काय दिसणार? काळोख! मग आमची ही मला बाजूला सारते, माठावर बोटाच्या पेराने टकटक करते, क्षणभर कान देते आणि कुंभाराला म्हणते, "हा द्या." पक्क्या माठाचा नाद निराळा, चिरलेल्याचा निराळा. मला दोन्ही सारखेच वाटतात. मी निवडलेल्या एका माठाने रातोरात स्वयंपाकघराचं तळं केलं होतं, ही कथा आलेल्या प्रत्येक पाहुण्याला सांगितली जाते.

कृष्णविवर हा विश्वातला सर्वांत काळाकुट्ट माठ. त्यात डोकावलेलं डोकं परत येत नाही. प्रकाशदेखील येत नाही. त्याला टिचकी मारून बघण्याची कल्पना १९७० साली कागदावर उतरवली ती आपल्या शेजारच्या बंगळूरच्या सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी. अमेरिकेत मेरिलंड विद्यापीठात चार्ल्स मिस्नर यांच्याकडे ते शिकले. धक्का दिला तर हे विवर टिकतं की मोडतं, हा मूळ प्रश्न. टिकतं, असं उत्तर आलं. मग त्यांनी गणितातल्या विवरावर गुरुत्वलहरी सोडून पाहिल्या. रुंद, ऐसपैस लहरी सोडल्या, काही नाही. (माठावर उशी आपटून नाद येतो का?) लहर विवराच्या आकाराइतकी आखूड केली आणि विवर वाजलं! थरथरत, विरत जाणारा नाद.

याच विद्यापीठात जोसेफ वेबर ॲल्युमिनियमची भलीमोठी नळकांडी टांगून खऱ्या लहरी ऐकत बसले होते. १९६९ साली त्यांनी "ऐकू आल्या" म्हणून जाहीरही केलं. इतरांनी तशीच नळकांडी टांगली, पण त्यांना काही ऐकू येईना. बिचारे वेबर! पण कान लावून बसायची सवय जगाला त्यांनीच लावली.

नादाला महत्त्व का, तर कृष्णविवराला केस नसतात. हे मी आरशात बघून म्हणत नाही. जॉन व्हीलर यांचं हे म्हणणं प्रसिद्ध आहे. विवर कशाचंही बनलेलं असो, बाहेरून त्याची ओळख वस्तुमान आणि गिरकी एवढीच (विद्युतभार नावापुरता). त्या दोहोंवरून नाद ठरतो. नादात दोन सूर सापडले आणि ते एकमेकांशी जुळले नाहीत, तर समजावं, माठ आइन्स्टाइनच्या भट्टीतला नव्हे.

आता खरं सांगायचं तर हा नाद पोटातून येत नाही, काठाच्या जरा बाहेरून येतो. पण काठाच्या जागी दुसरंच काही असेल, तर मागून प्रतिध्वनी यावेत. काहींना ते आल्यासारखे वाटले; बाकीच्यांना पटलेलं नाही.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी लायगोच्या चार किलोमीटर लांब भुजा प्रोटॉनच्या काहीशेव्या भागाइतक्या हलल्या. सूर्याच्या ३६ पट आणि २९ पट अशी दोन विवरं एक होऊन ६२ पटीचं झालं. उरलेल्या तीन सूर्यांच्या लहरी झाल्या! शेवटी तोच विरणारा नाद. फेब्रुवारी २०१६ मध्ये बातमी फुटली तेव्हा विश्वेश्वरा सत्त्याहत्तर वर्षांचे होते. पंचेचाळीस वर्षांपूर्वी कागदावर वाजवलेला माठ त्यांच्या हयातीत खरा वाजला. पुढच्या जानेवारीत ते गेले.

जानेवारी २०२५ मध्ये आणखी एक खणखणीत धडक ऐकू आली. तिच्यात दोन सूर सापडले, आणि जुळलेही. शिवाय दोन्ही विवरांचं मिळून पृष्ठफळ सुमारे २ लाख ४० हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राहून कमी. ते एक झाल्यावर सुमारे ४ लाख झालं. ते कधी घटत नाही, हे स्टीफन हॉकिंग यांनी १९७१ सालीच सांगितलं होतं.

हे सगळं मी हिला उत्साहाने वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पाणी गार राहतं का त्यात?"

हॉकिंग यांच्याच हिशेबाने अशा विवराचं तापमान निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम एक अब्जांश अंश असतं. तसं सांगितलं.

"मग बरा आहे," म्हणाली.