लंडनातले तेरा महिने

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत आमचा एक जुना विद्यार्थी घरी आला. मुंबईत नोकरी चांगली, आणि दिवाळीनंतर सपत्नीक युरोप पाहून यायचा बेत. खिशातून कागद काढून म्हणाला, "सर, आठ दिवसांत पाच शहरे बसवली आहेत. लंडनला दोन रात्री पुरतील ना?"

मी स्वतः कधी समुद्र ओलांडलेला नाही. मला विचारून काय उपयोग? पण मास्तराला प्रश्न विचारला की काहीतरी उत्तर द्यावेच लागते. मी म्हटले, "अरे, येताना टिळक आळीवरूनच आलास ना? तिथल्या त्या घरात जन्मलेल्या पुरुषापुढेही एकदा हाच प्रश्न उभा होता. ते एका खटल्यासाठी लंडनला गेले आणि तेरा महिने राहिले." तो हसला. मी मात्र तो गेल्यावरही बराच वेळ त्या तेरा महिन्यांचाच विचार करीत बसलो.

लोकमान्यांना विलायतेस जायचे होते ते स्वराज्याची मागणी घेऊन. १९१८ च्या वसंतात ते शिष्टमंडळासह निघालेही. परंतु कोलंबोला पोहोचले न पोहोचले तोच परवाने रद्द झाले आणि सर्वांना मागे फिरावे लागले. पुढे दार उघडले ते खटल्याच्या निमित्ताने. सर व्हॅलेंटाइन चिरोल ह्या पत्रकाराने 'इंडियन अनरेस्ट' ह्या आपल्या १९१० सालच्या पुस्तकात टिळकांवर जे आरोप केले होते, त्यांबद्दल टिळकांनी अब्रुनुकसानीची फिर्याद लावली होती. फिर्यादी म्हणून त्यांना जाऊ देणे सरकारला भाग पडले. २४ सप्टेंबर १९१८ रोजी त्यांनी मुंबई सोडली. त्या वर्षीच्या दिल्ली काँग्रेसचे अध्यक्षपद त्यांच्याकडे चालून आले होते. तेही मागे ठेवून ते निघाले आणि त्या खुर्चीवर पंडित मालवीय बसले.

खटल्याची सुनावणी २९ जानेवारी १९१९ रोजी सुरू झाली. चिरोलच्या बाजूने कार्सन, टिळकांच्या बाजूने सर जॉन सायमन, न्यायासनावर डार्लिंग. २१ फेब्रुवारीस निकाल लागला आणि तो टिळकांच्या विरुद्ध गेला. डोक्यावर खर्चाचा प्रचंड बोजा चढला. वय बासष्ट, प्रकृती मधुमेहाने पोखरलेली, हवा परकी. हरलेल्या माणसाने पहिली बोट गाठावी, असे कोणीही म्हटले असते.

टिळक राहिले. पॅरिसच्या शांतता परिषदेपुढे हिंदुस्थानची बाजू मांडण्याची त्यांची खटपट होती. तिकडे जाण्याची परवानगी मिळेना, तेव्हा त्यांनी परिषदेचे अध्यक्ष क्लेमांसो ह्यांना पत्र धाडले. मजूर पक्षाच्या पुढाऱ्यांशी संबंध जोडले, सभा घेतल्या, काँग्रेसच्या ब्रिटिश कमिटीची घडी नव्याने बसवली. सर्वांत मोठे काम पार्लमेंटात होते. माँटेग्यूंचे सुधारणा विधेयक जूनमध्ये तिथे आले, आणि संयुक्त समितीपुढे साक्ष देण्यास टिळकांना ऑगस्टपर्यंत थांबावे लागले.

इकडे देशात काय चालले होते? मार्चमध्ये रौलट कायदा झाला. ६ एप्रिलला गांधीजींच्या हाकेसरशी देशभर हरताळ पडला. १३ एप्रिलला अमृतसरला जालियनवाला बागेत गोळीबार झाला, आणि पंजाबात लष्करी कायदा आला. ज्या लोकांना टिळकांनी चळवळ शिकवली, ते लोक रस्त्यावर उतरले होते आणि टिळक मात्र लंडनच्या हाउली प्लेसमधल्या दहा नंबरच्या घरात समितीचे कागद तयार करीत होते.

मुक्काम चुकला का? ह्याच जिल्ह्यातले कोतळूकचे गोखले विलायतेस अनेकदा गेले. त्यांना दार मोकळे होते. एका खेपेत राहिलेले काम पुढच्या खेपेवर टाकता येत असे. ज्याला पुन्हा जाता येते, त्याला लवकर उठता येते. टिळकांना कोलंबोचा अनुभव ताजा होता. एकदा परतल्यावर पुन्हा परवाना मिळेल ह्याची शाश्वती नव्हती. तेव्हा हाती आलेले काम पुरे होईपर्यंत हलायचे नाही, असा त्यांचा हिशेब असावा, असे मला वाटते. तो हिशेब चुकीचा म्हणण्याचे धैर्य मला होत नाही.

पण किंमत पडली, आणि ती लहान नव्हती. नोव्हेंबर १९१९ च्या अखेरीस ते मुंबईस उतरले तेव्हा देशाचे लक्ष दुसऱ्या नेत्याकडे वळू लागले होते. डिसेंबरात कायदा झाला. त्यात स्वराज्य नव्हते. अमृतसरच्या काँग्रेसमध्ये टिळकांनी प्रतियोगी सहकारितेची भूमिका मांडली. १ ऑगस्ट १९२० रोजी ते गेले, आणि त्याच दिवशी असहकाराचा आरंभ झाला. मुंबईहून निघाल्यापासून आयुष्याचे अवघे बावीस महिने उरले होते. त्यातले चौदा प्रवासात आणि परमुलखात गेले. स्वदेशाच्या वाट्याला आले ते आठ. हे त्यांना ठाऊक असते तर ते लवकर निघाले असते का? इतिहास एवढेच सांगतो की ते ठाऊक नव्हते, आणि काम समोर होते.

हाउली प्लेसच्या त्या घरावर १९६१ साली त्यांच्या नावाची निळी पाटी लागली. हे सारे मी विद्यार्थ्याला पत्राने कळवले आणि शेवटी लिहिले, "किती रात्री राहायचे ते मी सांगू शकत नाही. कशासाठी जातोस ते आधी ठरव. रात्रींचा आकडा त्यातून आपोआप निघेल." त्याचे उत्तर आले. एक शहर त्याने यादीतून काढले आहे आणि लंडनला चार रात्री ठेवल्या आहेत. पाटी कोणत्या बाजूच्या भिंतीवर आहे, असे त्याने मला विचारले आहे. ते काही मला सांगता यायचे नाही. तूच पाहून ये आणि मला सांग, असे मी त्याला कळवले आहे.